बाबिकरच्या विधवेचा खुमरा

उखळात मुसळाचा पहिला घाव पडला तेव्हा सित्तना दाराजवळच्या खाटेवर बसलेली होती. बसलेली म्हणजे बसवलेली होती. "आज तू कशाला हात लावायचा नाहीस, नुसतं बसून बघायचं," असं हाज्जा बतूलनं सकाळीच सांगून टाकलं होतं. पोटच्या पोरीच्या, इश्राकाच्या लग्नाचा सुगंध कुटायचा दिवस, अंगण स्वतःचं, उखळ स्वतःचं, आणि ही बाई पाहुणीसारखी खाटेवर! ओमदुरमानमधल्या अबू रोफच्या अख्ख्या मोहल्ल्यात जिच्या हातच्या खुमऱ्यासाठी नवऱ्या मुलींच्या आया महिनामहिना आधी येऊन बसायच्या, तिला सांगतात, बसून बघ. बघण्यासारखं काय होतं त्यात, डोंबल?

बाबिकरला जाऊन तेरा महिने झाले होते. त्यातले चार महिने दहा दिवस सित्तनानं चार भिंतींच्या आत काढले, अंगाला पांढरा तोब गुंडाळून, ना तेल, ना सुरमा, ना सुगंध. ते धर्मात सांगितलेलं होतं, तिनं पाळलं, कुरकुर केली नाही. मग दिवस सरले, ती न्हाऊन बाहेर आली, आणि तिच्या लक्षात आलं की धर्मानं मोकळं केलं तरी बायका मोकळं करत नाहीत. खुमरा हा नांदत्या बाईचा सुगंध. कुमारिकेनं लावायचा नाही आणि नवरा गेलेलीनं तर नाहीच नाही. लावून दाखवणार कुणाला, असं तोंडावर विचारतात. आणि नवऱ्या मुलीच्या खुमऱ्याला विधवेचा हात लागला तर काय होतं, ते कुणी धड सांगत नाही, नुसते कानाला हात लावतात.

हाज्जा बतूल ही बाबिकरची थोरली बहीण. साठी उलटलेली, दोनदा मक्केला जाऊन आलेली, आणि नवरा जिवंत. तो नवरा दिवसभर कोपऱ्यावरच्या दुकानात डॉमिनो खेळत बसायचा हा भाग वेगळा, पण होता. बाई मनानं वाईट नव्हती. सित्तनाच्या त्या कोंडलेल्या दिवसांत तिनंच रोज किसऱ्याच्या भाकऱ्या आणि कालवण पाठवलं होतं. फक्त एकदा तिनं एखादी गोष्ट रीत म्हणून ठरवली की ठरवली. मग समोर कुणी का असेना.

"बायांनो, नखला आणा!" बतूलनं हाक दिली.

नवरदेवाच्या घरून आलेल्या सामानातला तो सगळ्यात महागाचा जिन्नस. समुद्रातल्या गोगलगाईच्या तोंडावरचं ते कडक झाकण, माणसाच्या नखासारखं दिसतं म्हणून नखला. खुमऱ्यात चंदन असतं, लवंगेचं तेल असतं, कस्तुरी असते, मेहलबच्या कडसर बिया असतात, पण हे सगळं अंगावर धरून ठेवतो तो नखला. त्याच्याशिवाय खुमरा दुपारपर्यंत टिकत नाही. मात्र आहे तो समुद्रातल्या जिवाचा तुकडा. त्याला आतून चिकटलेलं मांस नीट निघालं नाही तर तो दावा साधतो. सात पाण्यांनी चोळून धुवायचा, उन्हात वाळवायचा, मग मंद विस्तवावर, गरम वाळूत, घाई न करता भाजायचा.

सित्तनानं खाटेवरून पाणी मोजलं. तीन.

"हाज्जा," ती म्हणाली, "अजून चार वेळा धुवा. त्याला वास आहे अजून."

"तिथून तुला वास येतो?"

"येतो."

"येईल. नदी जवळ आहे, मासळी सुकत घातली असेल कुणीतरी." बायका हसल्या. बतूलनं पाटी उचलली आणि त्यातला अर्धा नखला सरळ तव्यावर ओतला. वाळू नाही, काही नाही. चुलीत लाकडंही अशी सारलेली, जणू बकरा शिजवायचाय. दुपारच्या जेवणाला चूल मोकळी हवी होती ना! बाहेरून तो क्षणात तपकिरी झाला, छान दिसायला लागला. आत कच्चाच.

"वाळूत घाला हो," सित्तना उभी राहिली. "आणि आग कमी करा. वल्लाही, तो आतून ओला आहे."

"सित्तना, बस खाली." बतूलनं मागं वळूनही पाहिलं नाही. "मी खुमरा करायला लागले तेव्हा तू दात पाडत होतीस."

शेजारची तोमा खाटेशेजारी कॉफी कुटत बसली होती. तिनं सित्तनाचा तोब ओढला. "बस गं बाई. जाऊ दे. तुझी पोर सुखानं नांदली म्हणजे झालं."

"नांदायला जाणार ती या वासानं?"

"मला तर छान येतोय वास."

"तुला जळक्या कॉफीचाही छानच येतो, तोमा."

तोमा खो खो हसली, पण सित्तनाला हसू येईना. तिचे हात मांडीवर वळवळत होते. वीस वर्षं या हातांनी दुसऱ्यांच्या मुलींना सुगंध दिला. आणि आता इश्राकाच्या वेळी हे हात निकामी म्हणून बाजूला ठेवलेले. तिला रडू येत नव्हतं, तिला संताप येत होता, असा की खाटेची सुंभं तोडून टाकावीत.

मुसळं पडू लागली. दोघी दोघी मिळून कुटत होत्या, बाकीच्या टाळ्या वाजवत गात होत्या, मधूनच कुणीतरी जीभ हलवून लकेर काढत होती. कुटलं, चाळलं, तेलात कालवलं, वर कस्तुरी, शेवटी लवंगेचं तेल. हाज्जा बतूलनं काचेच्या बरणीत भरून ती बरणी सगळ्यांच्या तोंडापुढून फिरवली.

"अल्ला!" एकेकीच्या तोंडून निघालं. वास खरंच सुरेख होता. सित्तनानंही खाटेवरून तो घेतला आणि तिला नाकारता येईना. बरणीतला खुमरा सुरेख असतोच. बरणीत सगळे आपापल्या जागी गुण्यागोविंदानं बसलेले असतात. त्यांची खरी ओळख पटते ती अंगाची ऊब लागल्यावर. आधी लवंग पुढं येते, तोऱ्यात, आणि अर्ध्या तासात दमते. मग मेहलब. मग चंदन हळूहळू वर येतं आणि आता हेच राज्य करणार असं वाटतं. आणि मग, तीन-चार तासांनी, घाम येऊन वाळल्यावर, तळाचा नखला उठतो. तो नीट भाजलेला असेल तर चंदनाला मिठी मारतो आणि तीन दिवस सोडत नाही. नसेल तर काय होतं ते सित्तनानं एकदा पाहिलं होतं. तिची पहिली चूक ती, सोळाव्या वर्षी केलेली. ती नवरी लग्नाच्या दुसऱ्या दिवशी माहेरी परत आली होती, वासामुळे नव्हे, पण वासाचं निमित्त तिच्या सासूला आयुष्यभर पुरलं.

आणि हा खुमरा इश्राका पहिल्या रात्री लावणार. सासरच्या बायका दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मिठ्या मारायला येणार. हे आठवलं आणि सित्तना पुन्हा उठली.

"अंगावर लावून बघा, हाज्जा. बरणीवर जाऊ नका."

"बघते की." बतूलनं बोट बुडवून मनगटाला चोळलं, हुंगलं, आणि डोळे मिटले. "घे, ऐक. गुलाबासारखा लागतोय. झालं समाधान?"

"तुमच्या अंगावर काहीही लावलं तरी चंदनच होणार. पस्तीस वर्षं दर आठवड्याला धुरी घेतलेली तुमची कातडी. तुमच्यावर घासलेट ओतलं तरी संध्याकाळी त्याचा सुगंध येईल."

पुन्हा हशा झाला, या वेळी बतूलवर. तिच्या कपाळाला आठी पडली. "मग कुणाच्या अंगावर लावायचं म्हणतेस?"

"नवरीच्या."

"तोबा! लग्नाआधी? कुमारिकेच्या अंगाला खुमरा?"

"नाही ना चालत? मग तिच्यासारख्या अंगावर लावा. तिची कातडी माझी आहे. पातळ, लगेच घाम येणारी. तुम्ही सगळ्या केसांना ते करकर नावाचं सुगंधी तेल लावता, आठवडाभर वास राहतो. आम्हा दोघींच्या डोक्यावर ते दोन दिवसांत खवट होतं. लहानपणापासून बघताय तुम्ही. तिच्या अंगावर हा खुमरा काय करणार, ते फक्त माझं अंग सांगू शकतं."

काय येणार ते सगळ्यांना कळलं होतं, आणि कुणीच पुढं झालं नाही. बतूलनं बरणी छातीशी धरली.

"तू विधवा आहेस, सित्तना."

"मला माहीत आहे. तेरा महिने रोज उठून मला तेच पहिल्यांदा आठवतं. तुम्ही सांगायची गरज नाही."

तिनं बतूलच्या हातातून बरणी घेतली. हिसकावली नाही, दोन्ही हातांनी शांतपणे घेतली, आणि बतूलही इतकी थक्क झाली होती की तिनं सोडली. सित्तनानं दोन बोटं बुडवली. मानेला लावलं, दोन्ही मनगटांना, कोपरांच्या आत. पांढऱ्या तोबवर एक तपकिरी ठिपका पडला. मग झाकण लावून बरणी उखळाच्या कडेला ठेवली आणि ती खाटेवर जाऊन बसली.

"तिसऱ्या प्रहरी असरची बांग होईपर्यंत," ती म्हणाली. "तोवर मी धुणार नाही. मग प्रत्येकीनं येऊन हुंगायचं."

काय गलका झाला म्हणता! एकीनं तोंडावर पदर घेतला. एक म्हणाली, बाईला दुसरा नवरा करायचाय, सरळ सांगत का नाही. कुणीतरी म्हातारीनं बिचाऱ्या बाबिकरचं नाव घेऊन उसासा टाकला. घरी मात्र एकही गेली नाही, कारण जेवण व्हायचं होतं आणि इतकी मजा रोज कुठं मिळते. सित्तनाला सगळं ऐकू येत होतं. बोला, ती मनात म्हणाली, बोला आणखी.

आतल्या खोलीचं दार उघडलं. नवरी मुलीनं चाळीस दिवस बाहेर यायचं नसतं, पण इश्राका उंबऱ्यापर्यंत आली. तोंडाला लेप लावलेला, नुसते डोळे दिसत होते.

"युम्मा, धू ना गं," ती हळू आवाजात म्हणाली. "दहा दिवसांवर लग्न आलंय. माझ्या सासूबाईंच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?"

हे मात्र सित्तनाला लागलं. बतूलचं बोलणं तिनं अंगावरून झटकलं होतं, हे झटकता येईना. "तुझ्यासाठीच लावलंय गं," ती म्हणाली.

"माहीत आहे मला. तरी धू."

"असरला सांग. असरच्या बांगेनंतर म्हणालीस तर धुवीन."

इश्राका मागं सरली. दार लागलं.

मग सुरू झालं वाट बघणं. आधी लवंग आली, नाकात झोंबणारी. तिच्या पाठोपाठ इतकं काही आलं की सित्तनाला मान खाली घालावी लागली. तेरा महिन्यांत तिच्या अंगाला साबणापलीकडे कसलाच वास नव्हता. आपल्या अंगाला वास असतो, तो आपला असतो, हेच ती विसरून गेली होती. संध्याकाळी नावेतून परत येणारा बाबिकर, फाटकाशी खोकून आपण आल्याचं सांगणारा, तिची मान हुंगून "वा, आज काय केलंस!" म्हणणारा. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. तोमानं कॉफीचा पेला पुढं केला तेव्हा तिनं तोंड फिरवलं आणि तोबनंच नाक पुसलं.

जेवणं झाली. चंदन वर आलं. आणि इथं सित्तनाचा धीर सुटायला लागला. कारण वास चांगला येत होता. मनगट हुंगावं तर चंदन, मान फिरवावी तर चंदन. मऊ, गोडसर, निर्दोष. तोमानं वाकून हुंगलं आणि हळूच म्हणाली, "सित्तना, खरं सांगू? मस्त आहे गं हा." बतूल पलीकडून बघत होती, दाताखाली सुपारी असल्यासारखी. आपलं चुकलं की काय? आपण एवढा तमाशा केला आणि नखला बरोबर निघाला तर? मग या अंगणात आपल्याला पुन्हा तोंड वर करता येणार नाही. हात तर गेलेच, आता अब्रूही जाणार. मुलगी उंबऱ्यावरून बघत राहील आणि मनात म्हणेल, आईला खुमरा लावायचं निमित्तच हवं होतं.

ती उठली आणि भांडी घासायला बसली. उन्हात, चुलीजवळ. बसून बसून घाम येत नव्हता, आणि नवरीला पहिल्या रात्री घाम येणारच. चाळीस बायकांची भांडी तिनं एकटीनं घासली. कुणी अडवलं नाही, विधवेनं भांडी घासायला रीतीची हरकत नसते.

शेवटचं पातेलं पालथं घालताना तिला तो आला. आधी अगदी बारीक. मग हात हलवला तशी भपकन उठला. चंदनाच्या खालून, ओहोटीनंतर काठावर राहिलेल्या शिंपल्यांचा, सडक्या, कोमट मासळीचा वास. सित्तना जागच्या जागी बसली आणि मोठ्यानं हसली. आपल्या अंगाला घाण येतेय म्हणून एवढा आनंद झालेली बाई अबू रोफनं पूर्वी पाहिली नसेल.

"तोमा! ये इकडं. हुंग."

तोमानं हुंगलं आणि "ईऽऽ!" करून मागं सरकली. मग दुसरी आली, तिसरी आली. प्रत्येकीचं नाक मुरडलं. मशिदीतून असरची बांग सुरू झाली. हाज्जा बतूल शेवटी आली. तिनं सित्तनाचं मनगट धरलं, नाकाशी नेलं, आणि बराच वेळ सोडलं नाही. तिचा चेहरा पडला. बाई हट्टी होती, खोटी नव्हती.

"आतून कच्चा राहिला," ती म्हणाली.

नेमकी तेव्हाच फाटकातून हाज्जा सुरैया आत आली. नवरदेवाची आई. उंच, ताठ, गर्द निळा तोब, हातात सोन्याच्या बांगड्या. आपल्या घरून पाठवलेलं सामान कसं कुटलं जातंय ते बघायला ती मुद्दाम आली होती. सगळ्या बायका उभ्या राहिल्या. ती सलाम घेत घेत पुढं आली आणि सित्तनाला मिठी मारायला वाकली, आणि मध्येच थांबली.

"विहीणबाई," ती म्हणाली, "तुमच्या अंगाला खुमरा आहे?"

बतूलच पुढं झाली. "धुतेय ती. आत्ता धुतेय. बघण्यापुरता लावला होता. सित्तना, जा, पाणी घे."

"थांबा," सित्तना म्हणाली. तिनं मनगट सुरैयापुढं धरलं. "हुंगा. तुमच्या सुनेच्या अंगाला पहिल्या रात्री हा वास येणार होता."

सुरैयानं हुंगलं. तिनं नाक मुरडलं नाही, पण एक पाऊल मागं घेतलं. "कुणी केला हा?"

"आमच्याकडून झाला," सित्तना म्हणाली. बतूलनं चमकून तिच्याकडं पाहिलं. "नखला अर्धा उरलाय. मी आज पुन्हा करते. धुऊन, वाळवून, वाळूत भाजून. उद्या तयार होईल. मग पुन्हा अंगावर लावून परवापर्यंत बघीन."

"करा," सुरैया जरा विचार करून म्हणाली. "तुमच्या हाताला मोहल्ल्यात नाव आहे, माझ्याही कानावर आहे. करायला हरकत नाही. पण लावून बघायचं काम दुसरी कुणी करेल. आणि हे आत्ताचं धुऊन या. मी रागावून नाही म्हणत. खुमरा बाई नवऱ्यासाठी लावते. तुमचा नवरा नाही. आमच्या घरची माणसं विचारतील, नवरीच्या आईनं हे कुणासाठी लावलंय? मी काय सांगू?"

"बरोबर आहे," बतूल म्हणाली. "मी सकाळपासून तेच सांगतेय. नवऱ्यासाठी असतो तो. नवरा गेला की संपलं."

उंबऱ्यावर इश्राका उभी होती. सित्तनाला ती दिसली. असरची बांग होऊन गेली होती, आता पोरीनं धू म्हटलं असतं तर सित्तनानं खरोखर धुतलं असतं, शब्द दिला होता. इश्राका तोंडावरच्या लेपाआडून आईकडं बघत राहिली आणि काहीच म्हणाली नाही.

सित्तनानं तोब खांद्यावर नीट घेतला.

"हाज्जा बतूल, सगळ्यांसमोर एक विचारते. खरं सांगा, तुम्ही दोनदा मक्का करून आलेल्या आहात. तुमच्या भावाला वास येत होता का?"

बतूल सुरैयाकडं बघू लागली.

"काय विचारतेय ती?" सुरैया म्हणाली.

"बाबिकरला वास येत होता का, एवढंच विचारतेय. हो की नाही?"

बतूल खाटेच्या कडेवर बसली. "नाही," ती कसंबसं म्हणाली. "आठ वर्षांचा होता. नाव वळवताना वल्हं तोंडावर बसलं. तेव्हापासून त्याला काहीच येत नव्हतं. जळकं दूधसुद्धा पिऊन टाकायचा. आई रडायची." मग तिनं मान खाली घातली. "लग्न ठरवताना आम्ही तुम्हा लोकांना सांगितलं नाही. आईनं शपथ घातली होती."

"मला पहिल्याच आठवड्यात कळलं," सित्तना म्हणाली. "त्या दिवशी मी दिवसभर कांदे चिरत होते, लावायला विसरले. संध्याकाळी हा आला, मानेशी नाक नेलं आणि म्हणाला, वा, आज काय खुमरा केलायस! मी आत जाऊन पोट धरून हसले. मग रडले. मग ठरवलं, आपल्याला कळलंय हे याला कधी सांगायचं नाही. वीस वर्षं तो रोज संध्याकाळी माझ्याशी खोटं बोलला. असा प्रेमानं खोटं बोलणारा माणूस अल्ला सगळ्यांना देवो. आणि वीस वर्षं मी रोज लावत राहिले." तिचा आवाज फाटला, पण तिनं तो सावरायचा प्रयत्न केला नाही. "आता सांगा मला. कुणासाठी लावत होते मी? कोण हुंगत होतं? सांगा ना, एवढ्या जणी आहात!"

तोमा तोबात तोंड घालून हुंदके देत होती, की हसत होती, ते कळायला मार्ग नव्हता. बतूल उठली, उरलेल्या नखल्याची पाटी उचलली आणि नळाशी जाऊन बसली. पाण्याचा आवाज सुरू झाला.

सित्तना सुरैयाकडं वळली. "हाज्जा, नवा खुमरा मीच करणार आणि माझ्याच अंगावर लावून बघणार. लग्नाच्या दिवशीही लावणार, तुमच्या दारात येईन तेव्हा. त्यानंतरही लावणार. तुमच्या माणसांना चालत नसेल तर सामान परत न्या, आत्ताच न्या. उद्या बोलू नका."

"युम्मा!" इश्राकाच्या तोंडून निघालं.

सुरैया ताठ उभी होती. तिनं अंगणातल्या बायकांवरून नजर फिरवली, नळाशी बसलेल्या बतूलवर ती जरा थांबली, मग पुन्हा सित्तनावर आली. तिनं हातातल्या बांगड्या कोपराकडं सारल्या, खाटेवर ऐसपैस बसली आणि तोमाला कॉफी ओतायची खूण केली.

"आमच्या अंगणात नदीचा वारा फार असतो," ती म्हणाली. "त्या दिवशी येशील तेव्हा जरा जास्तच लाव."